सात पाचुंदे आणि दोन

त्या शाळेत मैदानावर कोणी हजेरी घेत नाही. पोरं मोजतात. डोक्याला हात लावून, पाच-पाचांच्या जुड्या करून. नवा आलेला एखादा शिक्षक पहिल्यांदा हसतोच. "अहो, ही मुलं आहेत की कडबा?" असं म्हणतो. मग चौथीच्या बाई त्याला बाजूला घेतात आणि मावशीची गोष्ट सांगतात. दहा मिनिटांत त्याचं हसू जिरतं.

मावशी म्हणजे शाळेची शिपाई. कागदावर हुद्दा तोच, पण एकतीस वर्षांत तिला 'अहो शिपाई' अशी हाक कोणी मारली नाही. घंटा देणं, टाकीत पाणी चढवणं, सकाळी वर्गावर्गांतून फिरून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर हजर मुलांचा आकडा लिहिणं, पहिलीतल्या रडूबाईंची नाकं पुसणं, ही तिची कामं. आवाज असा खणखणीत की ती फाटकापाशी बोलली तर वरच्या मजल्यावरचा मास्तर खडू खाली ठेवायचा. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं 'भोंगा'. तिला ते ठाऊक होतं. "भोंगा तर भोंगा! मेल्यांना ऐकू तर जातं ना!" म्हणायची आणि पुढे झाडायला लागायची.

तिचं स्वतःचं शिक्षण दुसरीपर्यंत. माहेरी शेती होती. बाप कडब्याच्या पेंढ्या रचायचा आणि ही पोर त्या मोजायची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, असे किती पाचुंदे आणि वर सुट्या किती, एवढाच हिशेब बापानं शिकवला आणि तोच तिच्या अंगात मुरला. लग्न होऊन ती टेम्पो चालवणाऱ्या नवऱ्याच्या घरी आली, शाळेत लागली, तरी मोजणं तेच. बाक मोजायचे तर पाचुंद्यानं, खडूच्या पेट्या पाचुंद्यानं. तिची एकुलती एक लेक याच शाळेत शिकली आणि पुढे नर्स झाली. त्यामुळे शाळेवर तिचा भारी जीव. फरशी पुसताना भिंतीकडे बघून म्हणायची, "या भिंतींनी माझं लेकरू मोठं केलं. मी नुसती पुसते, त्यात काय मोठंसं?" आता असं बोलणारं माणूस तुम्हाला रोज भेटतं का? मला तरी नाही भेटत.

एके वर्षी वरून आदेश आला की प्रत्येक शाळेनं संकटाची तयारी करून ठेवावी. आग लागली, भूकंप झाला, तर मुलांना बाहेर कसं काढणार, याची तालीम घ्यावी. अग्निशमन दलाचे एक साहेब आले. पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांनी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना विचारलं, "मुलांना कळवणार कसं?"

"घंटा आहे की," मोठे सर म्हणाले. "लांबलचक घंटा द्यायची. सोपं काम."

मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "सर, लांब घंटा नका ठेवू."

"मावशी, साहेबांसमोर आता तुम्ही नका शिकवू," सर म्हणाले.

दिली तिनं लांब घंटा. आणि काय झालं? अहो, काय होणार? सकाळी शाळेत पाऊल टाकल्यापासून पोरं ज्या एका आवाजाची वाट बघत असतात तो हाच! "सुटलीऽऽ!" अशी आरोळी उठली. सगळ्यांनी दप्तरं पाठीला मारली आणि मैदानाऐवजी फाटकाकडे धूम ठोकली. मोठे सर मैदानाच्या मधोमध घड्याळ धरून एकटेच उभे. पाचवीतल्या तिघी तर घरी पोचून जेवायला बसल्या होत्या. त्यांना शोधून आणेपर्यंत शिक्षकांची तारांबळ उडाली.

साहेब हसून हसून बेजार झाले. डोळे पुसत म्हणाले, "एवढ्या झटपट रिकामी झालेली शाळा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. फक्त मुलं कुठे आहेत ते कोणाला सांगता येईना." मग एकदम गंभीर झाले. "सर, खरी आग लागते तेव्हा बंब घेऊन आम्ही येतो आणि एकच प्रश्न विचारतो. सगळे बाहेर आहेत ना? तुम्ही हो म्हणालात तर आम्ही बाहेरून पाणी मारतो. नाही म्हणालात तर माझी माणसं आत शिरतात. तुमच्या एका शब्दावर सगळं ठरतं. म्हणून मोजा."

बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मावशीला आकड्यांपलीकडे फारसं लिहिता येत नव्हतं, तिनं ते मनात ठेवलं.

मग मावशीच्याच सांगण्यावरून खूण बदलली. तीन टोले, थांबा, पुन्हा तीन टोले. नियम ठरले. दप्तर जागेवर सोडायचं. रांगेनं उतरायचं. धूर दिसला तर रुमाल भिजवून नाकाला लावायचा. अडकलात तर दार लावून खिडकीखाली बसायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, एकदा बाहेर आलेलं माणूस पुन्हा आत जाणार नाही. तो पाळण्याचं काम मावशीकडे आलं. टोले देऊन झाले की पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहायचं. दुसऱ्या तालमीत मोठे सर विसरलेला चष्मा आणायला मागे वळले, तर हिनं दोन्ही हात पसरून त्यांनाच अडवलं. "सर, जळून गेलात तर चष्मा कोण घालणार?" सगळी शाळा खिदळली. सरही हसले, पण आत गेले नाहीत.

आणि टोल्यांनंतर तिला दुसरं काही काम नसायचं, म्हणून पायऱ्यांवरून ती मोजायची. प्रत्येक वर्गाची रांग, बोटानं, ओठ हलवत. एक पाचुंदा, दोन पाचुंदे, तीन पाचुंदे. पुढे तर रांगेत शिरून पोरांच्या डोक्यावर हात ठेवत मोजायला लागली. पोरांना गुदगुल्या व्हायच्या, रांग मोडायची. चौथीच्या बाईंना ते अजिबात खपायचं नाही. बाई पंचविशीच्या, दोन-दोन पदव्या घेतलेल्या, वर्ग अगदी टापटीप. मैदानावर त्या कॅटलॉग उघडून नावानिशी हजेरी घ्यायच्या आणि एका दमात संपवायच्या. एकदा त्या स्पष्टच म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडे नावं आहेत. तुमच्या पेंढ्यांची गरज नाही."

"असू द्या बाई," मावशी म्हणाली, "हाताला सवय आहे." आणि मोजत राहिली. मनाला लागलं तिच्या.

आता चौथीतल्या दोन मुलींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. एक होती मुंगी. अंगानं एवढीशी, तुरुतुरु चालायची, म्हणून मुंगी. तिला कमी ऐकू यायचं. कानात मशीन होतं, पण ते खुपायचं, म्हणून वाचायला बसली की काढून खिशात टाकायची. तिच्या बाकावर टकळी बसायची. नावाप्रमाणेच, तोंडाचा पट्टा कायम चालू. वर्षाच्या सुरुवातीला हजेरीत मुंगीचं नाव आलं की ते तिला ऐकू जायचं नाही, वर्ग हसायचा, ती रडकुंडीला यायची. टकळीला ते बघवेना. एक दिवस मुंगीचं नाव आलं आणि टकळीनंच ठोकून दिलं, "हजर!" बाईंनी मान वर करून पाहिलं. मुंगी शेजारीच बसली होती. बाईंना मनापासून वाटलं, किती गुणी पोर आहे ही! तेव्हापासून रोज आपल्या नावाला एकदा आणि मुंगीच्या नावाला एकदा, टकळी दोनदा हजर म्हणायची. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला-मला तरी वाटलं असतं का?

ती आग मंगळवारी लागली. मधली सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल. मावशी नळापाशी बादल्या विसळत होती. तिला वास आला, वायर जळाल्याचा. पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या कपाटातून काळा धूर भसाभस निघत होता. मावशी धावली. तीन टोले, थांबून तीन टोले. मग भोंगा सुटला, "दप्तरं ठेवाऽऽ! मागच्या जिन्यानं उतराऽऽ!"

तालमींचं चीज झालं, हे मात्र म्हणायला हवं. एक पोर ओरडलं नाही, एकानं दप्तर उचललं नाही. पहिलीची चिमुरडी एकमेकांचे सदरे धरून उतरली. तीन मिनिटांच्या आत सहाही वर्ग मैदानावर उभे होते. मावशी पायऱ्यांवर आपल्या जागी उभी राहिली आणि मोजायला लागली.

तिसरी, सहा पाचुंदे आणि एक. बरोबर. चौथी, सात पाचुंदे आणि दोन.

तिनं डोळे चोळले. धुरानं चुरचुरत होते. पुन्हा मोजलं. सात पाचुंदे आणि दोन. सदतीस. सकाळी फळ्यावर तिनं स्वतःच्या हातानं अडतीस लिहिलं होतं.

तिकडे चौथीच्या बाईंची हजेरी संपली होती. मावशीला सगळं ऐकू आलं होतं, अडतीस नावं आणि अडतीस 'हजर'. बाईंनी मोठ्या सरांना हात केला, "चौथी, सगळे!" सरांनी कागदावर खूण केली. आणि त्याच वेळी, धूर दिसताच सरांनी फोन करून बोलावलेला बंब फाटकातून आत आला. तेच पांढऱ्या मिशांचे साहेब उडी मारून उतरले.

"सर, सगळे बाहेर आहेत ना?"

"हो. सगळे आहेत," मोठे सर म्हणाले.

"नाहीत!" मावशी पायऱ्यांवरून ओरडली. "चौथीत एक कमी आहे!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मोठ्या सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मावशी, हजेरी झाली आहे. नावानिशी झाली आहे. उगीच घबराट करू नका."

"सर, मी दोनदा मोजलं. सात पाचुंदे आणि दोन."

"अहो, इथे आग लागली आहे आणि तुमचे पाचुंदे काय घेऊन बसलात!"

एकीकडे पदव्यांच्या बाई, नावांचा कॅटलॉग, मोठे सर. दुसरीकडे दुसरी शिकलेली शिपाई आणि तिची बोटं. तिचं कोण ऐकणार? जिन्यातून धूर आता वरच्या मजल्यावर चढत होता. तिनं चौथीच्या बाईंकडे पाहिलं आणि हात जोडले. "बाई, उद्या मला खोटं ठरवा. सगळ्यांसमोर ठरवा. पण आत्ता एक पोर कमी आहे हो."

बाईंनी हातातल्या कॅटलॉगकडे पाहिलं. अडतीस खुणा, एकही चुकलेली नाही. मग त्यांनी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि कॅटलॉग फटकन मिटला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "माझं एक मूल आत आहे. तुम्ही माणसं घाला. कोण आहे ते मी सांगते."

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. हात वर केला आणि दोघे जण तोंडाला मुखवटे लावून आत शिरले.

बाई वर्गाकडे वळल्या. डोकं ताळ्यावर होतं. "आपल्या बाकावरच्या जोडीदाराचा हात धरा. आत्ताच्या आत्ता!" सगळ्यांनी धरला. एकटी टकळी रिकामा हात पुढे करून उभी राहिली.

"मुंगी कुठे आहे गं?"

"लायब्ररीत गेली होती. पुस्तक बदलायला."

"अगं, मग आत्ता हजर कोण म्हणालं?"

टकळीचा चेहरा पडला. "मी. रोज मीच म्हणते ना, बाई." आणि तिनं भोकाड पसरलं.

बाई ओरडल्या, "साहेब, वरचा मजला! डाव्या हाताची शेवटची खोली! मुलीला ऐकू येत नाही, हाका मारून उपयोग नाही, शोधावं लागेल!" साहेबांनी तो निरोप आत पोचवला.

त्यापुढची मिनिटं मावशीनं कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. जिना चार पावलांवर. रोज दहा वेळा चढायची तो. लायब्ररीतलं कपाट न् कपाट तिला डोळे मिटून सापडलं असतं. पाय आपोआप वळत होते. पण बाहेर आलेलं माणूस आत जाणार नाही, हे तिनंच सगळ्या शाळेच्या डोक्यात बसवलं होतं. ती गेली असती तर तिच्यामागून बाई गेल्या असत्या, बाईंच्या मागून टकळी. मावशीनं कठडा घट्ट धरला आणि दोनशे पोरांकडे तोंड करून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडानं मात्र, "हलायचं नाही कोणी! जागेवर!"

आणि मग एक जवान जिन्यातून खाली आला. त्याच्या खांद्यावर मुंगी.

तिला आवाज ऐकू आला नव्हता, पण दाराखालून धूर येताना दिसला होता. पोरीनं दार लावलं, पाण्याच्या बाटलीत रुमाल भिजवून नाकाला धरला आणि खिडकीखाली बसून राहिली. शिकवलं होतं अगदी तसं. खिडकी शाळेच्या मागच्या बाजूला, म्हणून मैदानावरून ती कोणाला दिसली नाही. आणखी पाच-सहा मिनिटं गेली असती तर रुमालानं काय होणार होतं, असं साहेब नंतर हळूच म्हणाले. जवानानं तिला खाली ठेवलं. ती खोकली, डोळे चोळले, मावशीकडे पाहिलं आणि रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, पुस्तक आतच राहिलं."

"राहू दे गं माझ्या बाये!" मावशीनं तिला असं काही आवळलं की साहेबांना सांगावं लागलं, "अहो, तिला श्वास घेऊ द्या आधी."

आग अर्ध्या तासात विझली. जिना काळाठिक्कर पडला, मीटरचं कपाट गेलं, बाकी काही नाही. पालक धावत येत होते, आपापलं पोर छातीशी धरत होते. मुंगीची आई शिवणकाम करायची. ती दुकानातून तशीच धावत आली होती, गळ्यात मापाची टेप, बाहीला टोचलेली सुई. बंबापाशी मुंगीला तपासत होते तिथे ती पोचली. पोरीचे हात, पाय, केस, सगळं चाचपून पाहिलं. मग उठली आणि तिनं चौथीच्या बाईंचे दोन्ही हात धरले. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही वाचवलंत माझ्या पोरीला."

बाईंना गप्प बसता आलं असतं. कोण विचारणार होतं? पण त्यांनी आपले हात सोडवून घेतले.

"नका हो," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं सगळे आहेत म्हणून. तुमची मुलगी आत होती आणि मी तिच्या नावापुढे हजरची खूण केली होती. आवाज ऐकला, तोंड पाहिलं नाही. मोजलं या मावशींनी." मोठे सर शेजारीच उभे होते, इतर पालक होते, सगळ्यांसमोर बाई बोलल्या. "मावशी, मी तुमच्या पेंढ्यांची गरज नाही म्हणाले होते. मला माफ करा."

मावशी गांगरून गेली. एवढ्या शिकलेल्या बाईंनी माफी मागावी, हे तिला पेलवेना. "काहीतरीच काय बाई! असं बोलू नका," ती म्हणाली. "मी मोजलं, खरं आहे. पण मोजून काय झालं असतं? एकतीस वर्षं या शाळेत आहे. कागदाविरुद्ध माझा शब्द कोणी धरला नव्हता. तुम्ही धरलात. पुन्हा मोजते म्हणाला नाहीत, विचार करते म्हणाला नाहीत, एकदम धरलात. तुम्ही कॅटलॉग मिटला नसता तर मी तिथेच उभी राहून ओरडत राहिले असते आणि..." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी जन्मभर तुमची ऋणी आहे, बाई."

मोठे सर खाली बघत होते. त्यांनी हातातल्या कागदावरची चौथीपुढची खूण खोडली.

मुंगीची आई मावशीसमोर आली. तिनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, मावशी? एवढ्या पोरांत माझीच नाही म्हणून?"

मावशी खोटं बोलली नाही. "तुमची नाही हे मला कळलंच नव्हतं, ताई. कोण नाही ते मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एक कमी आहे, एवढंच कळलं."

आई हो म्हणाली, मान हलवली. मग मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मला तेवढी एकच आहे हो."